सरकार बदललं की परराष्ट्रमंत्री नेमकं काय करतो?

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलाने विचारलेला प्रश्न असा: धोरण पंतप्रधान ठरवतात, मसुदे अधिकारी लिहितात, आणि ‘सरकारं बदलली तरी परराष्ट्र धोरणात सातत्य असतं’ हे वाक्य तर प्रत्येक पुस्तकात आहे. मग परराष्ट्रमंत्री कोण आहे याने काही फरक पडतो का? की ते नुसतंच मानाचं पद?

मी परराष्ट्र खात्यात नोकरी करून निवृत्त झालो. सरकारं येताना-जाताना आतून पाहिली. माझ्या मते फरक पडतो, पण तो भाषणांत आणि दौऱ्यांत शोधू नये. आधीच्या सरकारने देशाच्या नावाने जे कबूल केलेलं असतं, ते नव्या सरकारच्या गळी उतरवावं लागतं. विरोधी बाकांवरून त्याच कबुलीला शिव्या घातलेल्या पक्षाच्या तर हमखास. हे काम परराष्ट्रमंत्र्यावर येऊन पडतं. अधिकाऱ्याला पक्षात कुणी विचारत नाही आणि पंतप्रधानांना तेवढी सवड नसते.

आधी थोडा कायदा, कारण ‘सातत्य’ आपोआप येत नाही. त्यामागे एक बंधन आहे. आंतरराष्ट्रीय व्यवहारात राष्ट्रप्रमुख, सरकारप्रमुख आणि परराष्ट्रमंत्री या तिघांना देशाच्या वतीने करार करताना वेगळं अधिकारपत्र दाखवावं लागत नाही. देशादेशांतले करार कसे करावेत याचे नियम सांगणाऱ्या १९६९ च्या व्हिएन्ना करारातल्या सातव्या कलमात हे लिहिलेलं आहे. भारताने त्या करारावर सही केलेली नाही, पण हा रिवाज आपणही पाळतो. संरक्षणमंत्री, अर्थमंत्री, वाणिज्यमंत्री कितीही वजनदार असोत, त्यांना ही सोय नाही. म्हणजे परराष्ट्रमंत्र्याचं तोंड हे देशाचं तोंड धरलं जातं, आणि तो गेल्यावरही ते बोलणं देशाच्या खात्यावर राहतं.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण नॉर्वेचं. जुलै १९१९ मध्ये डेन्मार्कच्या राजदूताने नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री निल्स इहलेन यांच्याकडे विषय काढला, की संपूर्ण ग्रीनलंडवर आमचा हक्क आहे, तुमची हरकत नसावी. काही दिवसांनी इहलेन यांनी तोंडी सांगितलं की नॉर्वे सरकार अडचण आणणार नाही. करार नाही, सही नाही, संसदेत चर्चा नाही. पुढे सरकारं बदलली आणि १९३१ मध्ये नॉर्वेने पूर्व ग्रीनलंडच्या एका भागावर आपला ताबा जाहीर केला. प्रकरण हेगच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९३३ मध्ये निकाल लागला: परराष्ट्रमंत्र्याने आपल्या खात्याच्या विषयावर परकी राजदूताला दिलेलं उत्तर देशाला बांधतं. नॉर्वे हरला. यातली माझ्या धंद्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की आपण काय बोललो याचं टिपण इहलेन यांनी स्वतःच करून ठेवलं होतं. त्यामुळे चौदा वर्षांनीही ते वाक्य नाकारता आलं नाही.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण आपल्याकडचं. जुलै १९७२ मध्ये सिमल्यात इंदिरा गांधी आणि झुल्फिकार अली भुट्टो यांच्यात करार झाला. काश्मीरमधल्या नियंत्रण रेषेलाच हळूहळू सीमेचं रूप द्यायचं, असं दोघांत तोंडी ठरलं होतं, असं इंदिराजींचे सचिव पी. एन. धर यांनी १९९५ मध्ये लिहिलं. पाकिस्तानने ते कधीच मान्य केलं नाही. करारात तसं वाक्य नाही, दोन्ही बाजूंनी मान्य केलेली नोंदही नाही. १९७७ मध्ये दोन्ही देशांत सत्ता पालटली. इथे जनता पक्ष आला, तिथे जनरल झिया. नव्या माणसांच्या हाती मूळ कराराचा कागद होता, त्यामागचं बोलणं नव्हतं. ते दोन नेत्यांबरोबर गेलं.

दोन नेते बंद दाराआड एकटे बसले की वर्तमानपत्रांना आनंद होतो, पण खात्यातल्या माणसांच्या पोटात गोळा येतो. मागच्या खुर्चीवर वही घेऊन बसलेला कनिष्ठ अधिकारी हा त्या खोलीतला सगळ्यात बिनमहत्त्वाचा माणूस वाटतो. पण सरकार गेल्यावर शिल्लक राहते ती त्याची वही. परराष्ट्रमंत्र्याची पहिली जबाबदारी माझ्या मते हीच, की आपल्या काळात देशाने काय कबूल केलं, काय मुद्दाम कबूल केलं नाही, याची नोंद आपल्यानंतर येणाऱ्याला वाचता येईल अशी ठेवणं. त्याचं श्रेय कधीच मिळत नाही.

नवा मंत्री येतो तेव्हा आत काय घडतं, तेही सांगतो. शपथविधीच्या आधीपासूनच खात्यातले प्रादेशिक विभाग टिपणं तयार करायला घेतात. शेजारी देशांचे वेगळे, अमेरिकेचा वेगळा, युरोपचा वेगळा, असे विभाग असतात, प्रत्येकाचा प्रमुख संयुक्त सचिव. टिपण दोन-तीन पानांचं, त्याहून लांब झालं तर वरून परत येतं. त्यात चालू करार आणि त्यांच्या मुदती, शेवटची भेट कधी झाली आणि त्यात काय ठरलं, येत्या तीन महिन्यांत कोण येणार, आपल्याकडून कोण जाणार, आणि संसदेत मंत्र्याने दिलेली पण अजून पुरी न झालेली आश्वासनं. ही शेवटची बाब बाहेरच्यांना माहीत नसते. सभागृहात मंत्री ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणाला, तर त्याची नोंद होते आणि सरकारी आश्वासन समिती पिच्छा पुरवते.

टिपण लिहिण्यात एक कसब असतं. नवा मंत्री कालपर्यंत ज्या करारावर तुटून पडत होता, त्याचं वर्णन त्याच्यापुढे असं ठेवायचं की त्याला अपमान वाटू नये आणि खोटंही लिहिलं जाऊ नये. ‘मागच्या सरकारने केलेला करार’ असं कुणी लिहीत नाही, ‘भारताने अमुक साली केलेला करार’ असंच लिहितात. मुरलेला राजकारणी ते टिपण शेवटच्या पानापासून वाचतो. एका मंत्र्यांनी कसलीही प्रस्तावना न करता विचारलेलं मला आठवतं, “यातलं काय मला मोडता येणार नाही, तेवढं आधी सांगा.” बाकीचं त्यांनी सावकाश वाचलं.

माणसंही फारशी हलत नाहीत. परराष्ट्र सचिव सहसा तोच राहतो. परदेशातले राजदूत बहुतेक सेवेतलेच असतात, त्यांना कुणी परत बोलवत नाही. ज्यांची नेमणूक राजकीय असते ते राजीनामा पुढे करतात. तो नेहमी स्वीकारला जातोच असं नाही, आणि यातलं सुंदर उदाहरण इंद्रकुमार गुजराल यांचं. त्यांना इंदिरा गांधींनी १९७६ मध्ये मॉस्कोला राजदूत म्हणून पाठवलं. वर्षभरात इंदिराजी हरल्या, पण जनता सरकारने गुजराल यांना तिथेच ठेवलं. मोरारजी गेले, चरणसिंग आले, तरी ते मॉस्कोतच. १९८० मध्ये इंदिराजी परत आल्या त्या वर्षी त्यांची तिथली कारकीर्द संपली. पुढे दोनदा परराष्ट्रमंत्री आणि शेवटी पंतप्रधान झालेल्या या माणसाने सत्तांतर म्हणजे काय हे आधी दुसऱ्या टोकाला बसून अनुभवलं होतं.

आता १९७७. हा प्रसंग मी सविस्तर सांगणार आहे, कारण स्वतंत्र भारतात केंद्रातली सत्ता पहिल्यांदा दुसऱ्या पक्षाकडे गेली ती तेव्हा. त्याआधी असं काही करण्याचा कुणालाच सराव नव्हता.

जाणारे परराष्ट्रमंत्री होते आपले यशवंतराव चव्हाण. ऑक्टोबर १९७४ पासून ते या खात्यात होते. यशवंतरावांची संरक्षण आणि गृह खात्यांतली कारकीर्द मराठी माणसाला तोंडपाठ असते, परराष्ट्र खात्यातली कुणी आठवत नाही. पण १९७६ मध्ये दोन बंद दारं उघडली गेली ती त्यांच्या काळात. चीनशी राजदूत पातळीवरचे संबंध सुमारे पंधरा वर्षांनी पुन्हा सुरू झाले आणि के. आर. नारायणन यांना बीजिंगला पाठवलं गेलं. पाकिस्तानशी १९७१ च्या युद्धात तुटलेले राजनैतिक संबंधही त्याच वर्षी जुळले. निर्णय इंदिराजींचे होते हे उघड आहे. पण मार्च १९७७ मध्ये येणाऱ्या मंत्र्याच्या हाती दिल्लीहून बीजिंगला आणि इस्लामाबादला जाणारे चालते रस्ते आले, हे विसरू नये.

येणारे होते अटलबिहारी वाजपेयी. जनसंघाने वीस-पंचवीस वर्षं नेहरूंच्या धोरणावर टीका केली होती. रशियाकडे झुकलेली अलिप्तता खरी नव्हे, आम्ही ‘अस्सल अलिप्तता’ आणू, अशी जनता पक्षाची भाषा होती. १९७१ चा भारत-सोव्हिएत करार इतर देशांशी मैत्रीच्या आड येणार असेल तर तो बदलावा लागेल, या अर्थाचं मोरारजीभाई अगदी सुरुवातीलाच बोलून गेले होते. मॉस्कोने वाट पाहिली नाही. एप्रिल १९७७ मध्ये, सरकार येऊन महिना होतो न होतो तोच सोव्हिएत परराष्ट्रमंत्री आंद्रेई ग्रोमिको दिल्लीत हजर. १९७१ मध्ये स्वर्णसिंगांबरोबर त्या करारावर सही करणारे हेच गृहस्थ.

करार राहिला. ऑक्टोबरमध्ये मोरारजी आणि वाजपेयी मॉस्कोला जाऊनही आले. भारताची शस्त्रं कुठून येत होती, पोलाद कारखान्यांचे सुटे भाग कुठून येत होते, हे पाहिलं तर दुसरा मार्ग नव्हताच. पण मार्ग नसणं वेगळं आणि आपल्या पक्षाला ते पचवायला लावणं वेगळं. परराष्ट्र सचिव जगत मेहता हे चव्हाणांच्या काळातलेच, वाजपेयींनी त्यांना बदललं नाही. परराष्ट्र खातं तेव्हा ज्या इमारतीत होतं त्या साउथ ब्लॉकमधलं नेहरूंचं चित्र कुणीतरी नव्या साहेबांना खूश करायला काढून ठेवलं होतं, ते आपण चौकशी करून परत लावायला लावलं, हा किस्सा वाजपेयींनीच पुढे संसदेत सांगितला. लोक तो मोठ्या मनाची गोष्ट म्हणून सांगतात. मला त्यात कारभारी शहाणपणही दिसतं. त्या एका गोष्टीने इमारतीतल्या प्रत्येक अधिकाऱ्याला कळलं, की जुन्या फाइली नष्ट करायच्या नाहीत आणि जुन्या सरकारात काम केलं म्हणून घाबरायचं नाही.

आणि त्यांनी बदललं काय? सूर बदलला. ऑक्टोबर १९७७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत हिंदीतून भाषण केलं, ते तर सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारी १९७८ मध्ये ते पाकिस्तानला गेले, दोन महिन्यांनी चिनाब नदीवरच्या सलाल जलविद्युत प्रकल्पाचा करार झाला. जनसंघाचा माणूस पाकिस्तानशी पाण्याचा करार करतो, यावर घरातून ओरड करायला कोण उरणार? काँग्रेसला हे दहापट महाग पडलं असतं. फेब्रुवारी १९७९ मध्ये ते चीनला गेले, १९६२ नंतरची ही पहिली इतकी वरच्या पातळीवरची भेट. ते तिथे असतानाच चीनने व्हिएतनामवर हल्ला केला आणि वाजपेयी दौरा आटोपता घेऊन परतले. देशात नाचक्की झाली असं सगळे म्हणाले.

पण भेटीचा हिशेब त्याच वर्षी करायचा नसतो. जनता सरकार पडलं, इंदिराजी परतल्या, नरसिंह राव परराष्ट्रमंत्री झाले, आणि जून १९८१ मध्ये चीनचे परराष्ट्रमंत्री हुआंग हुआ दिल्लीला आले. त्याच वर्षी सीमेवरची बोलणी सुरू झाली आणि कैलास-मानसरोवर यात्रा पुन्हा चालू झाली. यात्रेचा विषय वाजपेयींनी काढला होता. चव्हाणांच्या काळात दूतावास, वाजपेयींच्या काळात भेट, रावांच्या काळात बोलणी. तीन मंत्री, दोन सत्तांतरं. यातल्या कुणीही ‘आधीच्याने केलेलं मी पुढे नेतो’ असं जाहीर म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही, आणि तसं म्हणायचीही गरज नव्हती.

एक गंमत राहिली. जुलै १९७७ पासून लोकसभेत विरोधी पक्षनेते कोण होते? यशवंतराव चव्हाण. म्हणजे वाजपेयी ज्या फाइली उघडत होते, त्यांवर सह्या असलेला माणूस समोरच्या बाकावर बसला होता. असा विरोधक मंत्र्याला अडचणीचा आणि उपयोगाचाही असतो. त्याला फसवता येत नाही, पण कुठल्या प्रश्नावर सरकारला किती ताणायचं हे त्याला कळतं. जुलै १९७९ मध्ये मोरारजी सरकारवर अविश्वास ठराव आणला तो चव्हाणांनीच, पण तो परराष्ट्र धोरणावरून नव्हता.

सत्तांतरातला सगळ्यात धोक्याचा काळ म्हणजे निकाल आणि शपथ यांच्या मधले दिवस. डिसेंबर १९७९ च्या अखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. दिल्लीत चरणसिंगांचं काळजीवाहू सरकार, परराष्ट्रमंत्री श्यामनंदन मिश्र. चरणसिंगांनी सोव्हिएत राजदूताला बोलावून नापसंती सांगितली. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मतदान झालं, इंदिराजी जिंकल्या, पण शपथ १४ जानेवारीला. मधल्या दिवसांत न्यूयॉर्कला आमसभेचं तातडीचं अधिवेशन भरलं. भारताचे प्रतिनिधी ब्रजेश मिश्र ११ तारखेला जे बोलले त्यात सोव्हिएत आश्वासनांवर भरवसा दाखवणारा सूर होता, आणि १४ ला मतदानात भारत तटस्थ राहिला. जगाला धक्का बसला. तो मजकूर पंतप्रधान होऊ घातलेल्या इंदिराजींच्या संमतीने ठरला होता, हे पुढे उघडपणे लिहिलं गेलं. म्हणजे दिल्लीत एक सरकार खुर्चीवर होतं आणि न्यूयॉर्कमध्ये पुढच्या सरकारची भूमिका वाचली जात होती. त्या वेळचे परराष्ट्र सचिव राम साठे हे मराठी गृहस्थ, त्यांनी ते दिवस कसे काढले असतील याची मला कल्पना करता येते. ज्या मंत्र्याला विचारायचं त्याच्या शब्दाला किंमत उरलेली नाही, आणि जिच्या शब्दाला किंमत आहे ती अजून मंत्रिमंडळात नाही. पुढे भारताला त्या भाषणाचं स्पष्टीकरण देण्यात बरीच वर्षं खर्च करावी लागली.

याच्या नेमकं उलट घडलं १९९६ मध्ये. जिनिव्हात सर्वंकष अणुचाचणीबंदी कराराची बोलणी अगदी शेवटच्या टप्प्यात, आणि दिल्लीत महिन्याभरात तीन पंतप्रधान: नरसिंह राव, मग तेरा दिवस वाजपेयी, मग १ जूनपासून देवेगौडा. परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी, मग सिकंदर बख्त, मग गुजराल. जिनिव्हात मात्र भारताच्या प्रतिनिधी अरुंधती घोष एकट्याच. २० जूनला त्यांनी सांगितलं की हा करार आहे त्या स्वरूपात भारताला मान्य नाही. गुजराल यांना खातं हाती घेऊन तीन आठवडेही झाले नव्हते. त्यांनी त्या भूमिकेतला स्वल्पविरामही हलवला नाही, वर तिला आघाडीतल्या डाव्या-उजव्या सगळ्यांचा पाठिंबा मिळवला. सप्टेंबरमध्ये आमसभेत करार १५८ विरुद्ध ३ मतांनी मंजूर झाला. विरोधात भारत, भूतान आणि लिबिया. एवढ्या दबावाखाली तीन सरकारांतून एकच वाक्य टिकतं, तेव्हा ते आपोआप टिकलेलं नसतं.

मग नव्या मंत्र्याने काहीच मोडू नये का? मोडावं की. सत्तांतराचा एक मोठा फायदा असा, की अडकलेल्या ठिकाणाहून नाक न कापता बाहेर पडता येतं. मार्च १९८९ मध्ये नेपाळबरोबरचे व्यापार आणि वाहतूक करार संपले आणि राजीव गांधी सरकारने सीमेवरची बहुतेक नाकी बंद केली. काठमांडूत इंधनाच्या रांगा लागल्या. कुणीही माघार घ्यायला तयार नाही. डिसेंबरमध्ये दिल्लीत विश्वनाथ प्रताप सिंग आले, परराष्ट्रमंत्री गुजराल. एप्रिल १९९० मध्ये नेपाळमध्येही राजाच्या हातातली, पक्षांना बंदी असलेली ‘पंचायत’ राजवट गेली. जूनपर्यंत दोघांनी १९८७ ची स्थिती परत आणली. दोन्हीकडे ‘ते आधीच्यांनी केलं होतं’ म्हणायची सोय झाली होती. श्रीलंकेतून शांतिसेना मार्च १९९० मध्ये परत आली तीही अशाच सोयीने, जरी परतीचं वेळापत्रक आधीच सुरू झालं होतं.

पंतप्रधानांच्या सावलीचा मुद्दा राहिला. नेहरूंनी हे खातं १९६४ पर्यंत स्वतःकडेच ठेवलं. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेचे उपपरराष्ट्रमंत्री स्ट्रोब टॅलबट यांच्याशी बोलणी सुरू केली जसवंत सिंगांनी, तेव्हा ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष होते. परराष्ट्रमंत्री झाले त्याच वर्षीच्या डिसेंबरात. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार हे पद आल्यापासून पाकिस्तान आणि चीनचे नाजूक विषय बरेचसे पंतप्रधान कार्यालयातून चालतात. हे खरं आहे आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, जगभर तेच चाललंय. पण करार संसदेत न्यायचा असतो तेव्हा पुढे उभा राहतो परराष्ट्रमंत्रीच. त्यासाठी २०१५ चा प्रसंग पाहा.

भारत-बांगलादेश सीमेवर एकमेकांच्या पोटात अडकलेल्या जमिनीच्या तुकड्यांचा घोळ होता. भारताचे १११ तुकडे बांगलादेशात, त्यांचे ५१ भारतात. एका ठिकाणी तर बांगलादेशातल्या भारतीय तुकड्यात बांगलादेशी तुकडा, आणि त्याच्याही आत भारताचं एक शेत होतं. तिथल्या माणसांना रेशनकार्ड नाही, शाळेत नाव घालायला खोटा पत्ता लागायचा, चोरी झाली तर पोलीस येत नसत कारण मधे परका देश. २०११ च्या संयुक्त मोजणीत अशी ५१ हजारांहून अधिक माणसं निघाली.

इंदिरा गांधी आणि मुजीबुर रहमान यांनी मे १९७४ मध्येच अदलाबदलीचा करार केला होता. बांगलादेशने लगेच मान्यता दिली, आपण दिली नाही. कारण १९६० मध्ये बेरुबाडी प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं, की देशाची जमीन द्यायची तर घटनादुरुस्ती लागते. सरकारं आली-गेली, फाइल तिथेच. सप्टेंबर २०११ मध्ये ढाक्याला आपले एस. एम. कृष्णा आणि बांगलादेशच्या दीपू मोनी या दोन परराष्ट्रमंत्र्यांनी पूरक करारावर सह्या केल्या. डिसेंबर २०१३ मध्ये सलमान खुर्शीद यांनी गदारोळातच घटनादुरुस्तीचं विधेयक मांडलं. भाजप, तृणमूल, आसाम गण परिषद सगळ्यांचा विरोध. पण त्यांनी ते मांडलं राज्यसभेत. लोकसभा विसर्जित झाली की तिथली विधेयकं मरतात, राज्यसभेत मांडलेलं आणि अजून लोकसभेत न गेलेलं विधेयक जिवंत राहतं. जाणाऱ्या सरकारचा परराष्ट्रमंत्री येणाऱ्यासाठी याहून उपयोगी काय ठेवून जाऊ शकतो?

मे २०१४ मध्ये सुषमा स्वराज आल्या. पहिला स्वतंत्र परदेश दौरा त्यांनी ढाक्याचाच केला. त्यांच्या पक्षाने आसामात या कराराविरुद्ध रान उठवलेलं होतं. आसामचा भाग वगळून बाकीचं मंजूर करावं, असाही विचार शेवटच्या दिवसांपर्यंत चालू होता. दरम्यान शशी थरूर अध्यक्ष असलेल्या संसदीय समितीने विधेयकाला अनुकूल अहवाल दिला, ममता बॅनर्जी राजी झाल्या. आसाम वगळला असता तर आधीच्या सरकारने सही केलेला करार उरलाच नसता, ढाक्याशी सगळं पहिल्यापासून बोलावं लागलं असतं. अखेर आसामसकट विधेयक आलं. ६ मे २०१५ ला राज्यसभेत, ७ मे ला लोकसभेत, दोन्हीकडे एकही विरोधी मत न पडता ते मंजूर झालं. मतदानानंतर पंतप्रधान मोदी सोनिया गांधींच्या बाकापर्यंत चालत गेले. ३१ जुलैच्या मध्यरात्री तुकड्यांची अदलाबदल झाली. १९७४ च्या कागदाला एकेचाळीस वर्षं लागली, आणि शेवटची सही विरोध करणाऱ्या पक्षाच्या सरकारची होती.

परीक्षेत लिहायचं असेल तर ‘सातत्य आणि बदल’ असा मथळा देऊन दोन रकाने पाडू नका. एखादा करार घ्या आणि तो सरकारांमधून कसा गेला ते दाखवा. गंगेच्या पाण्याचा करार त्यासाठी उत्तम आहे, आणि सध्या जिवंतही आहे. नोव्हेंबर १९७७ मध्ये जनता सरकारने पश्चिम बंगालमधल्या फरक्का बंधाऱ्यापाशी येणाऱ्या गंगेच्या पाण्यावर पाच वर्षांचा करार केला, त्यात बांगलादेशला किमान पाण्याची हमी होती. काँग्रेसने कडाडून टीका केली. १९८० मध्ये काँग्रेस सत्तेत आली, पण करार मोडला नाही, मुदत संपू दिली. १९८२ मध्ये नवा समझोता करताना हमीचं कलम तेवढं गाळलं. डिसेंबर १९९६ मध्ये देवेगौडा-हसीना यांच्या सह्यांचा तीस वर्षांचा करार झाला, परराष्ट्रमंत्री गुजराल, पडद्याआड ज्योती बसूंची मोठी मदत. त्यातही १९७७ सारखं हमीचं कलम नाही. प्रवाह ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मं-निम्मं, त्याहून जास्त असेल तर वेगळी वाटणी. जानेवारी ते मे, दर दहा दिवसांचा हिशेब. त्यानंतर भारतात वाजपेयी, मनमोहन सिंग, मोदी, आणि तिकडेही सत्ता फिरत राहिली, पण वाटणीचा तक्ता तोच.

या कराराची मुदत डिसेंबर २०२६ ची. त्यावर सह्या करणारं दिल्लीतलं सरकार कधीच गेलं, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये हसीनाही सत्तेवरून गेल्या. नव्या मसुद्यात १९७७ चं हमीचं कलम ढाका पुन्हा मागतं का, मुदत तीस वर्षांचीच राहते का कमी होते, आणि पश्चिम बंगालला बोलण्यांत केव्हा आणलं जातं, या तीन गोष्टींवर नजर ठेवा. तिन्हींची तयारी परराष्ट्रमंत्र्यालाच करावी लागते.